जहाज जुनं, भाडं दुप्पट: जायचं का?

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. मी बँकेतून निवृत्त झाले, हे माझ्याआधी दोन वर्षं. लग्नाला चाळीस वर्षं होतायत म्हणून गणपती झाल्यावर, सप्टेंबरअखेर, ग्रीसच्या बाजूला क्रूझवर जायचं ठरवलंय. एजंटने दोन पर्याय दिलेत. पहिलं जहाज अगदी नवं, पाच हजारांवर प्रवासी, घसरगुंड्या, नाटकं, सगळं. पिरेअसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, निघून मिकोनोस, सँटोरिनी, कुशादासी, ऱ्होड्स करून परत. सात रात्री, दोघांचे 2 लाख 40 हजार. टिप्स आणि वायफाय वेगळे. दुसरं जहाज सन 2000 चं, जेमतेम सातशे प्रवासी. पिरेअसहून नाफ्प्लियो, सँटोरिनी, मोनेमवासिया, कॉर्फू, कोटोर, डुब्रोव्हनिक, कोर्चुला, झादार आणि शेवटी व्हेनिस. दहा रात्री, 6 लाख 20 हजार. त्यात टिप्स, वायफाय, दारू सगळं आलं. (दारू आम्ही घेत नाही.) जावई म्हणतो, "आई, हे म्हणजे जुन्या लाल डब्याला व्होल्वोचं तिकीट." यांना मात्र जहाजातून व्हेनिसमध्ये शिरायची फार हौस आहे. माझे गुडघे कुरकुरतात, आणि आम्ही शाकाहारी. जुन्या जहाजाला इतके पैसे मोजावेत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी हौसेचं बोलते, कारण तिथेच तुमची फसगत व्हायची शक्यता आहे. या दुसऱ्या जहाजातून यांना व्हेनिसमध्ये शिरता येणार नाही. सेंट मार्कच्या चौकासमोरून आणि जुदेक्का कालव्यातून मोठी जहाजं न्यायला इटलीने 1 ऑगस्ट 2021 पासून बंदी घातली. मर्यादा आहे 25,000 टन किंवा 180 मीटर लांबी. यातलं एक जरी ओलांडलं तरी जहाज बाहेर. तुम्ही पाठवलेल्या कागदावर जहाजाचं टनेज 30,277 लिहिलंय आणि लांबी 181 मीटर. म्हणजे तुमचं "छोटं" जहाज व्हेनिसच्या दृष्टीने मोठंच आहे, आणि लांबीत तर एका मीटरने हुकलंय. पत्रकात "व्हेनिस" असं छापून प्रत्यक्षात मार्गेराच्या कारखान्यांशेजारी, फुझिनाला, किओज्जाला, नाहीतर थेट त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाला उतरवतात. राव्हेन्नाहून व्हेनिस गाडीने दोन तासांवर आहे. तेव्हा एजंटकडून धक्क्याचं नाव लेखी घ्या, शहराचं नको. आणि यांची समजूत आत्ताच घाला. शेवटच्या दिवशी बसमध्ये बसल्यावर घालण्यापेक्षा ते बरं. क्रूझ संपल्यावर व्हेनिसमध्ये एक रात्र राहून वापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीने, त्याच कालव्यातून हिंडता येतं. तो आनंद काही कमी नाही.

30,277 हा आकडा पाहिल्यावर जहाजाची जात लगेच कळली. 1998 ते 2001 या काळात फ्रान्समध्ये साँ-नाझेरच्या गोदीत रेनेसान्स नावाच्या कंपनीसाठी एकाच नकाशावर आठ जुळी जहाजं बांधली गेली. सप्टेंबर 2001 मध्ये, न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर दोनच आठवड्यांत, ती कंपनी बुडाली. जहाजं मात्र टिकली, हात बदलत गेली, आणि आज ओशिआनिया आणि अझमारा या दोन कंपन्या ती चालवतात. या वर्गाची जहाजं मला ठाऊक आहेत, म्हणून चांगलं-वाईट दोन्ही सांगते.

जावईबापूंचा मुद्दा वरवर बरोबर आहे. जुनी वस्तू स्वस्त मिळावी, ही आपली सवय. पण क्रूझच्या भाड्यात जहाजाच्या वयाचा वाटा फारसा नसतो. कप्तान एकच लागतो, जहाजावर सातशे असोत वा पाच हजार. बंदरात शिरताना घ्यावा लागणारा वाटाड्या, यंत्रखोलीतली माणसं, धक्क्याचा एजंट या सगळ्यांचा खर्च इथे सातशे डोक्यांवर पडतो, तिथे पाच हजारांवर. शिवाय मोठ्या जहाजाचं तिकीट मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. कंपनीची कमाई पुढे आतमध्ये होते: कॅसिनो, दारू, स्पा, फोटो, पैसे देऊन जेवायची हॉटेलं. सातशे प्रवाशांच्या जहाजावर हा धंदा तितका चालत नाही, म्हणून ते पैसे आधीच तिकिटात घेतात.

आता खरा फरक किती ते बघू. तुम्ही बँकेतल्या, तेव्हा हिशेब तुम्हाला आवडेलच. मोठं जहाज माणशी दर रात्री साधारण 17,000, छोटं 31,000. मोठ्या जहाजावर टिप्स रोजच्या रोज बिलाला चिकटतात, वायफायचे वेगळे पैसे, पाण्याची बाटली वेगळी, यंत्रातली नव्हे अशी बरी कॉफी वेगळी. तुमच्यासारखं काटकसरीचं माणूससुद्धा रात्रीला माणशी तीन-चार हजार सहज घालवेल. म्हणजे 21,000 विरुद्ध 31,000. दहा रात्रींचे दोघांचे वरचे दोन लाख. तुम्ही ज्या 3 लाख 80 हजारांच्या फरकाने बिचकलात, त्यातला बराचसा भाग तीन जादा रात्रींचा आणि या किरकोळ खर्चांचा आहे. फुकट दारूची किंमत मात्र तुम्ही शून्य धरा. एजंट ती मोठी करून सांगेल.

या दोन लाखांत जागा जास्त मिळत नाही. ही गोष्ट एजंट सांगत नाहीत. जहाजाचं टनेज हे वजन नसून आतल्या बंदिस्त जागेचं माप असतं. त्याला प्रवासीसंख्येने भागलं की माणशी मोकळीक कळते. तुमच्या जहाजाचं गणित 44 च्या आसपास येतं. 2024 मध्ये आलेल्या आयकॉन ऑफ द सीज या राक्षसी जहाजाचं टनेज 2,48,663, खोलीत दोघे या हिशेबाने प्रवासी 5,610; भागाकार पुन्हा 44! म्हणजे जगातल्या बड्या जहाजावर आणि या छोट्यावर माणशी जागा जवळपास सारखीच. अर्थात शाळांच्या सुट्टीत तिसऱ्या-चौथ्या खाटांवर पोरं आली की आयकॉनवर 7,600 लोक मावतात, आणि तेव्हा आकडा 33 पर्यंत उतरतो. तुम्ही सप्टेंबरअखेर जाताय, युरोपातल्या बहुतेक शाळा सुरू झालेल्या असतील, तेव्हा मोठ्या जहाजावरही पोरांची तितकी झुंबड नसेल. हा मोठ्या जहाजाच्या बाजूचा एक मुद्दा लिहून ठेवा.

खोलीत तर छोटं जहाज सरळसरळ हरतं. साधी खोली 160 चौरस फुटांच्या आसपास, आणि त्यातलं न्हाणीघर म्हणजे एक परीक्षाच असते. शॉवरची जागा इतकी अरुंद की साबण खाली पडला तर पडदा बाजूला सारून, अर्धं बाहेर येऊनच उचलावा लागतो. ज्या जहाजांवर अजून कापडी पडदा आहे, तिथे गरम पाणी सुरू केलं की तो आत ओढला जातो आणि ओल्या पाठीला चिकटतो. केस धुताना कोपर भिंतीवर आपटतंच. काही जहाजांत नूतनीकरणात काचेचं दार बसवलंय, तुमच्यात आहे का ते विचारा. पलंगाशेजारी प्लग शोधत बसावं लागतं, कारण 2000 साली उशाला फोन लावून झोपायची पद्धत नव्हती. कपाटाची दारं पलंगाला लागतात. हे सगळं दहा रात्री चालणार असेल तरच पुढे वाचा.

सुरक्षिततेची काळजी वयावरून करू नका. जिल्यो बेटाजवळ 13 जानेवारी 2012 रोजी कलंडलेलं कोस्टा कॉन्कॉर्डिया 2006 चं होतं, म्हणजे सहा वर्षांचंही नव्हतं. ते बुडालं माणसाच्या चुकीने, आणि 32 जण गेले. खरोखर म्हातारी, लाकडाची सजावट असलेली जहाजं आंतरराष्ट्रीय नियमांनी 2010 च्या ऑक्टोबरनंतर बाजूला काढली, कारण आग पकडणारं सामान चालणार नाही असं ठरलं. 2000 सालचं जहाज त्यात येत नाही. प्रवासी जहाजाचं सुरक्षा प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं, आणि पाच वर्षांत किमान दोनदा ते कोरड्या गोदीत चढवून तळ तपासावा लागतो. तुम्ही विचारायचं ते एवढंच, की शेवटचं गोदीत कधी गेलं होतं आणि तेव्हा आत काय बदललं. नुसते गालिचे बदलले असतील तर ती रंगरंगोटी झाली. वातानुकूलन आणि नळ बदलले असतील तर काहीतरी केलं म्हणायचं. जुन्या जहाजात खरी भीती बुडण्याची नसते, बिघाडाची असते. यंत्र रुसलं की वेग घटतो, वेग घटला की एखादं बंदर गळतं. फारच झालं तर सफर रद्द होते, भाडं परत मिळतं, पण मुंबई–अथेन्स विमानाचे पैसे कंपनी देत नाही. त्यासाठी विमा घ्या आणि अथेन्सला एक दिवस आधी पोहोचा. जहाज कोणतंही असो, हे कराच.

मग दोन लाख कशाचे? मार्गाचे. निर्णय याच एका गोष्टीवर घ्या. तुमच्याकडे दोन्ही वेळापत्रकं आहेत. त्यातून दोघांनी मिळून प्रत्येक बंदरावर जमिनीवर किती तास मिळतात ते काढा, आणि पुढे खूण करा: इथे मोठी जहाजं येतात की नाही.

सँटोरिनी घ्या. तुमच्या कागदाप्रमाणे मोठं जहाज तिथे सकाळी सातला येऊन दुपारी दोनला निघतं, छोटं सकाळी आठ ते रात्री दहा थांबतं. चौदा तास, म्हणजे दुप्पट. पण तिथे धक्काच नाही. सगळी जहाजं ज्वालामुखीच्या विवरात पाण्यावर उभी राहतात, लहान बोटींतून लोक खाली उतरतात, आणि तिथून वर फिरा गावाला चढायला रोपवे, खेचर किंवा पाचशेच्या वर पायऱ्या. रोपवेची रांग सगळ्यांची एकच. बेटावर दिवसाला 8,000 क्रूझ प्रवाशांचीच मर्यादा आहे, पण त्या आकड्यातही तीन जहाजांची माणसं एका वेळी खालच्या धक्क्यावर जमतात. सातशेचं जहाज असलं म्हणून तुम्हाला कोणी पुढे घेणार नाही. फायदा एवढाच की रात्री दहापर्यंत वेळ आहे, तेव्हा संध्याकाळी उशिरा वर जा. 2025 च्या उन्हाळ्यापासून सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशावर ऐन हंगामात 20 युरो कर आहे, तो भाड्यात धरलाय की नंतर बिलात येणार तेही बघून घ्या.

आता नाफ्प्लियो. इथे छोट्या जहाजाचे पैसे वसूल होतात. 1829 ते 1834 ही आधुनिक ग्रीसची राजधानी. व्हेनिसवाल्यांनी बांधलेला पालामिडी किल्ला डोक्यावर, खाली दोन तासांत चालून संपणारं टुमदार गाव. मायसीनीचे प्राचीन अवशेष इथून गाडीने अर्ध्या तासावर, एपिदाव्रोसचं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं दगडी नाट्यगृहही साधारण तितक्याच अंतरावर. पाच हजारांचं जहाज इथे आलं तर गावात पाय ठेवायला जागा उरणार नाही, आणि म्हणून ते सहसा येतही नाही. किल्ल्याच्या पायऱ्यांच्या भानगडीत पडू नका, वरच्या दरवाजापर्यंत टॅक्सी जाते. मोनेमवासिया आणि कोर्चुला त्याच पठडीतली. मोनेमवासियाच्या जुन्या गावात गाड्या नाहीत, फरसबंदी उंचसखल आहे. तिथे काठी न्या आणि वरच्या गावाचा नाद सोडा. कोटोरला मोठी जहाजंही येतात, पण पहाटे त्या आखातात शिरताना दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येत जातात, आणि ते पाहायला लवकर उठून डेकवर जावं असं मी म्हणेन. डुब्रोव्हनिकला बडी जहाजं ग्रुझच्या बंदरात लागतात, जुनं शहर तिथून तीनेक किलोमीटरवर. छोटी कधी कधी जुन्या बंदरासमोरच नांगर टाकतात. तुमचं कुठे थांबणार ते विचारा.

एजंटच्या पत्रकावर कोरिंथच्या कालव्याचा फोटो असेल तर भुलू नका. 1893 चा तो कालवा अतिशय चिंचोळा आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये ब्रेमार हे साडेबावीस मीटर रुंदीचं जहाज त्यातून जेमतेम सरकलं, तीच मोठी बातमी झाली होती. तुमचं 25 मीटरपेक्षा रुंद आहे. ते ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाला वळसा घालूनच जाणार.

गुडघ्यांचं नीट ऐका, कारण ते या निर्णयात जावईबापूंपेक्षा महत्त्वाचे आहेत. मोठ्या जहाजावर चालणं फार. आयकॉनच्या वर्गातली जहाजं 365 मीटर लांब असतात. खोली पुढे आणि जेवणाचा हॉल मागे असला, की दिवसातून तीनदा तेवढी पायपीट. तुमचं जहाज त्याच्या निम्मं, लिफ्टही जवळ. पण छोटी बंदरं म्हणजे टेंडर, जहाजातून किनाऱ्यावर नेणारी लहान बोट, ही दुसरी बाजू. जहाज पाण्यात उभं, बाजूला एक बोट हलतेय, खलाशी दोन्ही हात धरतो आणि म्हणतो, आता. त्या क्षणी पाय टाकावा लागतो. लाट खाली गेली तर पायरी फूटभर खोल असते. तुमच्या मार्गात नाफ्प्लियो, सँटोरिनी, मोनेमवासिया आणि बहुधा कोर्चुला इथे टेंडर असेल, म्हणजे आठ मुक्कामांपैकी चार. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये तुम्हाला नीट चढता-उतरता येतंय का ते आधी करून बघा. जमत नसेल तर मी हात जोडून सांगते, मोठं जहाज घ्या. कारण नाफ्प्लियो डेकवरून बघायला सहा लाख फार झाले.

वाऱ्याचंही तेच. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा घोंघावतो. सप्टेंबरअखेर त्याचा जोर ओसरलेला असतो, तरी एखादा दिवस उसळतो. टेंडरचं बंदर तेव्हा सगळ्यात आधी गळतं, आणि करारात तसं लिहिलेलंच असतं, भरपाई नाही. छोटं जहाज हलतंही जास्त. म्हणून खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या. सगळ्यात वरची, पुढच्या टोकाची बाल्कनीची खोली एजंट गोड बोलून देईल, तिला नाही म्हणा. बाल्कनीचे जादा पैसे या मार्गावर द्यायची गरजही नाही, रोजच कुठे ना कुठे उतरायचंय. खिडकीची खोली पुरे. त्यात वाचतील ते व्हेनिसच्या रात्रीला लावा.

जेवणाबद्दल छोट्या जहाजाची तारीफ मी करणार नाही. मोठ्या जहाजांवर आपल्याकडचे गट जातात, त्यामुळे डाळ-भात, एखादी भाजी बुफेत कुठेतरी असतेच. सातशेच्या जहाजावर तुम्ही दोघंच शाकाहारी भारतीय असाल, तर पहिले दोन दिवस ग्रीक सॅलड आणि पास्ता. पण इथे आचाऱ्यापर्यंत निरोप पोहोचतो. नोंदणी करतानाच "अंडं चालतं की नाही" इतपत स्पष्ट लिहून द्या, आणि पहिल्या संध्याकाळी हॉलच्या मुख्य वाढप्याला भेटा. क्रूझवर गोव्याची माणसं पुष्कळ असतात. मडगावचा कोणी निघाला तर तिसऱ्या दिवशी वरणाला फोडणी मिळेल. लोणचं मात्र घरून न्या.

तर माझं मत: लाँचची परीक्षा गुडघे पास झाले, तर छोटं जहाज घ्या, दोन लाख जादा देऊन घ्या. ते जहाजासाठी नाही, नाफ्प्लियो, मोनेमवासिया, कोर्चुला आणि सँटोरिनीच्या चौदा तासांसाठी. हेच जहाज मिकोनोस-सँटोरिनी-ऱ्होड्स अशा नेहमीच्या मार्गाने जाणार असतं, तर मी जावईबापूंच्या बाजूने उभी राहिले असते. तरी मन खात असेल, तर पावसाळ्याआधी मुंबईहून गोव्याची दोन-तीन रात्रींची फेरी करा. त्या मार्गावर जाणारं एम्प्रेस 1990 चं आहे, तुमच्या जहाजापेक्षा दहा वर्षांनी थोरलं. बड्या क्रूझची मजा किंवा युरोपची सेवा तिथे शोधू नका. जुन्या जहाजाची बुटकी छतं, अरुंद न्हाणीघर आणि रात्रीचं डुलणं तुम्हाला सोसतंय का, तेवढंच बघायचंय.

राहिला व्हिसा. कोटोर ज्या देशात आहे तो माँटेनेग्रो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही; डुब्रोव्हनिकचा क्रोएशिया 2023 पासून आहे. ग्रीसहून कोटोरला गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडता आणि डुब्रोव्हनिकला पुन्हा आत येता. त्यामुळे एका प्रवेशाचा व्हिसा चालणार नाही, अर्जात अनेक प्रवेश मागा. वैध शेंगेन व्हिसावर माँटेनेग्रोत शिरता येतं, वेगळा लागत नाही. भेटीच्या तारखा नाशिककरांना मुंबईत लवकर मिळत नाहीत, तेव्हा पैसे भरण्याआधी ती तारीख हातात घ्या, आणि व्हिसा नाकारला तर एजंट किती कापणार हे त्याच्याकडून लिहून घ्या.